टिंब आडनावाची माणसं

चंडीगडमध्ये पत्ता विचारावा लागत नाही. घराचा नंबर, सेक्टरचा नंबर, पुढं ए, बी, सी किंवा डी, की पत्ता संपला. 'मारुतीच्या देवळावरून सरळ या, पिठाची गिरणी लागली की कुणालाही विचारा' हा आपल्याकडच्या पत्त्याचा उत्तरार्ध इथं चालत नाही, कारण तो 'कुणीही' रस्त्यात भेटतच नाही. सगळे आपापल्या गाडीत काचा वर करून बसलेले. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं १९५१ मध्ये या शहराचं काम हाती घेतलं तेव्हा आठशे मीटर बाय बाराशे मीटर असा सेक्टरचा साचा धरला, रस्त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशा इयत्ता दिल्या आणि प्रत्येक गोष्टीला एक आणि एकच जागा असली पाहिजे, असं ठरवून टाकलं.

मी ज्या धंद्यात आहे, त्याचीही श्रद्धा नेमकी हीच. मी डिरेक्टरी सर्व्हर सांभाळते. मोठ्या संस्थेत हजारो माणसं रोज सकाळी आपलं नाव आणि पासवर्ड टाकतात, तेव्हा तळघरातलं एक यंत्र वही उघडून बघतं की हा माणूस खरंच आपला आहे का. त्या वहीत प्रत्येकाची एक नोंद असते आणि ती झाडासारखी टांगलेली असते: देश, राज्य, संस्था, विभाग आणि टोकाला तुम्ही. टोकापासून मुळापर्यंतचा हा पूर्ण पत्ता म्हणजे डीएन, आणि एका डीएनवर दोन माणसं राहू शकत नाहीत. ही रचना १९८८ मध्ये टेलिफोनची मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी एक्स-५०० या नावानं केली. ती इतकी जड होती की साध्या संगणकाला उचलेना. मग १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी तिला हलकं करून एलडॅप काढलं. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच 'लाइटवेट'. ज्यांनी ते चालवलेलं नाही, त्यांना हे नाव पटतं.

आमच्या संस्थेनं जुना सर्व्हर काढून नवा घ्यायचं ठरवलं. संस्थेचं नाव विचारू नका. निम्मी सरकारी आहे आणि उरलेली निम्मी दुपारी जेवायला गेलेली असते. जुना सर्व्हर मोठ्या मनाचा होता, काहीही दिलं तरी ठेवून घ्यायचा. नवा सर्व्हर दारात उभा राहून प्रत्येक रकाना तपासणारा. त्यामुळं वीस-वीस वर्षं सुखानं नांदलेल्या नोंदी एकाएकी बेकायदा ठरल्या, आणि त्या शोधून सरळ करण्याचं काम माझ्याकडं आलं. आदेशात लिहिलं होतं, 'सदोष नोंदींची दुरुस्ती'. वाचायला सोपं वाटतं.

पहिलाच दणका खुद्द या शहराच्या सवयीनं दिला. चंडीगडचा माणूस घराचा नंबर लिहिताना आधी # हे चिन्ह काढतो. तोंडानं 'कोठी नंबर' म्हणेल, पण लिहिताना #. पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर, दुधाच्या हिशेबावर, सगळीकडं. आता डिरेक्टरीतल्या नोंदी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरवतात. तिला आम्ही एलडिफ म्हणतो. एलडिफचा एक जुना नियम आहे: जी ओळ # नं सुरू होते ती टीप समजावी आणि सोडून द्यावी. दुसरा नियम असा की एखादी ओळ खाली चालू ठेवायची असेल, तर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडायची.

कुणीतरी पूर्वी लिहिलेल्या स्क्रिप्टनं लोकांचे पत्ते फॉर्मवर होते तसेच, ओळीखाली ओळ, उतरवले होते. पहिली ओळ 'द्वारा सरदार अमुकसिंग'. दुसरी '#1234, सेक्टर २२-बी'. तिसरी एक जागा सोडून 'चंडीगड'. सर्व्हरनं पहिली ओळ घेतली. दुसरी # नं सुरू झाली म्हणून टीप समजून टाकून दिली. तिसरी जागा सोडून सुरू झाली म्हणून ती त्या टीपेचंच शेपूट ठरली आणि तीही गेली. कुठं एरर नाही, कुठं तक्रार नाही. माणूस उरला तो नुसता 'द्वारा सरदार अमुकसिंग'. ज्या शहरानं घराच्या नंबरावर आपलं सगळं अस्तित्व बेतलं, त्या शहराची घरंच्या घरं यंत्रानं किरकोळ शेरा म्हणून वगळली. दहा मरल्यांचं छोटं घर असो की दोन कनालांची मोठी कोठी, # सगळ्यांना समान न्याय.

पत्ते एक वेळ परत भरता येतात. नावांचं तसं नाही.

एलडॅपच्या नियमांत 'माणूस' या प्रकाराला दोन रकाने सक्तीचे आहेत: एक सीएन म्हणजे पूर्ण नाव आणि दुसरा एसएन म्हणजे आडनाव. फोन नसला तरी चालतो, पासवर्ड नसला तरी चालतो, आडनावाशिवाय माणूस चालत नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या गल्लीत सगळ्यांना आडनावं असणार. पंजाबात गुरप्रीत, मनप्रीत, हरप्रीत ही नावं मुलग्याचीही असतात आणि मुलीचीही. पुढं सिंग आहे की कौर, त्यावरून कळतं. पुष्कळ जण तिथंच थांबतात. त्यामुळं एसएनमध्ये सिंग शोधला की यंत्र घाम पुसत अर्धी संस्था समोर आणून ठेवतं. काही जण पुढं गावाचं नाव लावतात. प्रतापसिंग कैरों, प्रकाशसिंग बादल, सुरजितसिंग बर्नाला ही सगळी मुख्यमंत्र्यांची नावं म्हणजे शेवटी गावांचीच नावं. आपल्यातले निम्मे लोकही तेच करतात, फक्त आपण गावाला 'कर' लावतो. पंजाबनं गावं करमुक्त ठेवली.

पण ज्यांना सिंग नाही, कौर नाही, गाव नाही, काहीच नाही, त्यांचं काय? नुसता रमेश. नुसती सुनीता. शाळेच्या दाखल्यावर तेवढंच, आधारवर तेवढंच. यांची नोंद करणारा बाबू आडनावाच्या रकान्यापाशी अडला. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढं जाऊ देईना. पाच वाजत आलेले. मग त्यानं एक टिंब दिलं, आणि यंत्र खूश झालं.

मी आडनाव बरोबर टिंब, असा शोध घेतला तेव्हा पडद्यावर एक अख्खं घराणं उतरलं. टिंब घराणं. शिपाई, प्राध्यापक, माळी, लेखापाल, एक कंत्राटी डॉक्टर. सगळ्या जातिधर्मांत, सगळ्या विभागांत पसरलेलं, आणि तरी कुठल्याही वधूवर सूचक मंडळाला न सापडलेलं. त्यांचे चुलतभाऊ म्हणजे 'एनए' आडनावाचे लोक. दूरचे नातेवाईक आडव्या रेघेचे. एक शाखा अशी की जिच्यात नाव आणि आडनाव एकच, रमेश रमेश. ही शाखा बहुधा एखाद्या प्रामाणिक बाबूनं सुरू केली असावी. त्याला खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून त्यानं खरं दोनदा लिहिलं.

आता गंमत बघा. माझ्या कामाच्या यादीत टिंब आडनावाचा एकही माणूस सदोष म्हणून आलेला नव्हता. आडनावाच्या रकान्यात किमान एक अक्षर हवं, एवढाच सर्व्हरचा आग्रह, आणि टिंब म्हणजे एक अक्षर. सदोष कोण ठरले? यंत्र अडवत नव्हतं तेव्हा एका जुन्या बाबूनं काही नोंदींत तो रकाना इमानदारीनं कोरा ठेवला होता, ते. ज्याला आडनाव नाही त्याचं आडनाव नाही असं सांगणारी नोंद चूक, आणि त्याचं आडनाव टिंब आहे असं सांगणारी बरोबर! या धंद्यात मुरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की यंत्र फक्त आकार तपासतं. आत काय आहे, हे विचारायची त्याला कुणी बुद्धी दिलेली नाही, आणि रकाना सक्तीचा केला की लोक त्यात खरं भरत नाहीत, बसेल ते भरतात. दहा नऊ लिहिले की मोबाइल नंबर होतो. महाराष्ट्रात ज्यांचा जन्म १ जूनला झाला आहे त्यांना विचारा, त्यातल्या कितींच्या आयांना ती तारीख मान्य आहे.

मराठी माणसाचा प्रश्न उलटा. त्याच्या नावात जागा कमी पडते इतकी माणसं असतात. स्वतः, वडील आणि आडनाव. फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतोच, त्यामुळं मराठी वडील प्रत्येक नोंदीत दोनदा हजर. स्त्रियांचं आणखी वेगळं. मी इथं रुजू झाले तेव्हा आस्थापनेच्या बाबूनं माझं पूर्ण नाव वाचून विचारलं होतं:

"मॅडमजी, ये बीच में कौन हैं?"

"मिस्टर."

"वो भी यहीं नौकरी करते हैं?"

"नहीं."

"तो फिर नाम में क्या कर रहे हैं?"

या प्रश्नावर महाराष्ट्रात अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं माझ्या ऐकिवात नाही.

लग्नानंतर नाव बदलायचं झालं तर डिरेक्टरीत त्यासाठी एक खास आज्ञा आहे. नोंदीचं ठिकाण न सोडता तिचं नाव बदलते. ही आज्ञा देताना एक प्रश्न सक्तीनं विचारला जातो: जुनं नाव काढून टाकायचं का? एक लिहिलं तर जुनं नाव पुसलं जातं. शून्य लिहिलं तर नवं लागतं आणि जुनंही राहतं. दोन आडनावं लावणाऱ्या बायकांवर आपल्याकडं दिवाळी अंकांतून जेवढा वाद झाला, तेवढा इथं एका शून्यात मिटतो. माझ्या नोंदीत शून्य आहे. ते मी स्वतः घातलं, आणि त्यासाठी कुणाचीही सही आणली नाही. सर्व्हर सांभाळण्याचे एवढे तरी फायदे असावेत.

ओळखपत्रावर नाव देवनागरीतही छापायचं असल्यानं आमच्याकडं ते देवनागरीतही साठवतात. पण एलडिफला देवनागरी कळत नाही. इंग्रजी अक्षरांपलीकडचं काहीही आलं की ते बेस-६४ नावाच्या सांकेतिक लिपीत गुंडाळलं जातं. एका देवनागरी अक्षराची चार चिन्हं होतात, आणि गंमत अशी की देवनागरीतलं कुठलंही नाव असो, त्याचं गाठोडं 'फोर-के-एस' असंच सुरू होतं. गणपत असो की गुरप्रीत, आत गेल्यावर सगळ्यांचं पहिलं अक्षर एक. पहिल्या दिवशी ही रांग बघून मला वाटलं, सगळ्यांना एकाच कंपनीनं टॅग लावले आहेत. नंतर नजर बसली. मग त्यातही बारकावे दिसू लागले. ऱ्हस्व वेलांटी आली की फोर-के-एस, दीर्घ वेलांटी आली की फोर-के-डब्ल्यू! म्हणजे शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारूनही जे आमच्या पिढीच्या अंगी लागलं नाही, ते पहिली-दुसरीचं भान या यंत्राला उपजत आहे.

मात्र याच यंत्राचा कऱ्हाडकरांपुढं नाइलाज होतो. त्यातला तो अर्धा र संगणकावर दोन रीतींनी टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पोटात वेगळे असतात. एका बाबूनं एका रीतीनं नोंद केली, दुसऱ्यानं दुसऱ्या रीतीनं शोध घेतला, आणि सर्व्हरनं शांतपणे सांगितलं की असा माणूस नाही. माणूस समोर खुर्चीत बसलेला. तीच गत नावाच्या शेवटी पडलेल्या अदृश्य स्पेसची, शेजारच्या तक्त्यातून चिकटवताना सोबत आलेल्या न दिसणाऱ्या चिन्हांची. आणि 'श्री.' व 'स्व.' यांची. उत्तरेत नावाआधी श्री हटकून लावतात, तेही नावाच्याच रकान्यात. त्यामुळं अक्षरवारीनं यादी लावली की अर्धी माणसं 'श'खाली गोळा होतात आणि ज्यांचे वडील हयात नाहीत, त्यांचे वडील सगळे एका ठिकाणी 'स'खाली भेटतात.

मराठी माणसाची या शहरातली सर्वांत ठळक नोंद काकासाहेब गाडगीळांची. १९५८ ते १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते. नाव नरहर, मधलं विष्णू, आडनाव गाडगीळ. तिन्ही रकाने चोख, सर्व्हर एका फटक्यात आत घेईल. फक्त अख्खा महाराष्ट्र त्यांना ज्या नावानं हाक मारायचा ते 'काकासाहेब' यांपैकी कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यांच्या वेळी आणखी एक सोय होती. चंडीगड कुठल्या राज्यात, असं विचारलं तर उत्तर एकच होतं.

१ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा वेगळा झाला आणि डिरेक्टरी सांभाळणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी घटना घडली. एका नोंदीला दोन बाप मिळाले. चंडीगड पंजाबची राजधानी, हरियाणाचीही राजधानी, आणि स्वतः दोघांपैकी कुणातच नाही, केंद्रशासित प्रदेश. आमच्याकडं दोन सर्व्हर बरोबरीच्या अधिकाराचे ठेवलेले असतात. दोघांनीही एकाच वेळी एकाच डीएनवर नोंद केली की 'रेप्लिकेशन कॉन्फ्लिक्ट' होतो. सर्व्हर कुणाचीच नोंद फेकत नाही. आधी आलेली जागेवर ठेवतो, दुसरीला एक लांबलचक क्रमांक चिकटवून बाजूला बसवतो आणि माणूस येऊन निकाल देईपर्यंत वाट बघतो. राजीव गांधी आणि अकाली दलाचे लोंगोवाल यांच्या १९८५ च्या करारात निकालाची तारीख ठरली होती: २६ जानेवारी १९८६ ला चंडीगड पंजाबला द्यायचं. ती तारीख आली आणि गेली. दरम्यान १९८४ पासून पंजाबचे राज्यपालच चंडीगडचे प्रशासक आहेत, म्हणजे एक माणूस, दोन नोंदी. उच्च न्यायालय दोघांचं मिळून एक, विधानसभेची इमारत दोघांची मिळून एक.

याचा परिणाम माझ्या फायलीत असा दिसतो की राज्याच्या रकान्यात कुणी पंजाब लिहिलं आहे, कुणी हरियाणा, कुणी चंडीगड, कुणी यूटी. यूटी म्हणजे बाबूंच्या मनात युनियन टेरिटरी. पण उत्तराखंडालाही बरीच वर्षं तीच दोन अक्षरं होती. मोहालीचा तर आणखी घोळ. तिचं सरकारी नाव साहिबजादा अजितसिंगनगर, तिथं फेजही आहेत आणि सेक्टरही. क्रिकेटचं स्टेडियम फेज ९ मध्ये आहे आणि सेक्टर ६३ मध्येही, आणि ही दोन स्टेडियम नव्हेत. चंडीगड, मोहाली आणि शेजारचं पंचकुला या तिन्ही गावांना मिळून फोनचा कोड ०१७२ देऊन टेलिफोन खात्यानं शहाणपणा केला. टपाल खात्यानं मात्र मोहालीचा पिन १६० नं सुरू केला आणि पंचकुल्याचा १३४ नं.

या गोंधळातली सर्वांत देखणी चूक देशाच्या रकान्यात सापडली. तिथं फक्त दोन अक्षरं चालतात, भारतासाठी 'आयएन'. एका उत्साही कर्मचाऱ्यानं गाड्यांच्या नंबरप्लेटवर बघून तिथं चंडीगडचं 'सीएच' लिहिलं, तेही एका संपूर्ण विभागाला. दोन अक्षरं, दोन्ही मोठी, नियमात चोख. सर्व्हरनं मान डोलावली. जगाच्या यादीत सीएच म्हणजे स्वित्झर्लंड. एक अख्खा विभाग कुणालाही न कळता स्वित्झर्लंडचा रहिवासी झाला होता आणि वेळच्या वेळी हजेरी लावत होता. पण मला ही नोंद दुरुस्त करवेना, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. कॉर्बुझिए जन्मला १८८७ मध्ये स्वित्झर्लंडातच. १९९७ साली स्विस लोकांनी दहा फ्रँकची नोट काढली, तिच्यावर पुढं तो आणि पाठीमागं त्याच्या कामांत चंडीगडच्या सचिवालयाचा दर्शनी भाग. म्हणजे चंडीगड एकदा खरोखरच सीएचच्या खिशात होतं. आणि ज्यानं या शहरात प्रत्येकाला एक नंबर दिला, त्याची स्वतःची नोंद बघा. मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे, ल कॉर्बुझिए हे स्वतःच घेतलेलं नाव, जन्म एका देशाचा, १९३० पासून नागरिक दुसऱ्याचा. आमच्या नव्या सर्व्हरवर त्याला लॉगिन मिळायला महिना लागला असता.

त्याच्या आराखड्यात सेक्टर १३ नव्हता. आकडा अशुभ म्हणून गाळला, असं इथं सांगतात. पण नोंद पुसली तरी तिच्या खुणा पुसल्या जात नाहीत, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. माणूस निवृत्त होतो, नोंद जाते आणि कॅन्टीन समितीच्या यादीत त्याचं नाव तसंच राहतं. तेराचंही तेच झालं. नकाशात समोरासमोर असलेल्या काही सेक्टरांची बेरीज करा. १७ आणि २२, एकोणचाळीस. १६ आणि २३, एकोणचाळीस. ९ आणि १७, सव्वीस. ३५ आणि ४३, अठ्ठ्याहत्तर. तेराला दारातून हाकललं आणि तो पाढा होऊन आत आला. अखेर २०२० मध्ये प्रशासनानं मनीमाजऱ्याला सेक्टर १३ म्हणून टाकलं. मनीमाजरा हे गाव या शहराच्या कितीतरी आधीचं. सगळ्यात जुन्या माणसाला सगळ्यात शेवटी टोकन मिळावं, हे मात्र अस्सल भारतीय झालं.

दुरुस्तीची एक हकिकत सांगते. एका निवृत्त होऊ घातलेल्या गृहस्थांचा फोन नंबर बदलायचा होता, एवढंच. मी आज्ञा दिली आणि सर्व्हर म्हणाला, एरर ६५. म्हणजे नियमभंग. फोन नंबरात नव्हे, माणसात. त्यांचं आडनाव कोरं होतं. वीस वर्षं ही नोंद तशीच होती आणि रोज लॉगिन होत होतं. नियम तपासला जातो तो नोंद हलवली की तेव्हाच. झोपलेल्या चुकीला कुणी काही म्हणत नाही. फोन नंबर बदलायला जा, सगळा इतिहास बाहेर येतो. आमचे सुपरिंटेंडंटसाहेब खुर्ची ओढून माझ्या मागं बसले होते. ते म्हणाले, "मॅडमजी, कल तक तां चलदा सी. तुसीं हत्थ लाया, तां खराब होया." यात तांत्रिकदृष्ट्या एकही शब्द चुकीचा नव्हता, हेच दुःख.

शिवाय ज्यानं वीस वर्षांपूर्वी तो रकाना कोरा ठेवला, त्याच्याकडं कुणी कसलाच पुरावा मागितला नव्हता. आता तो भरायचा तर अर्ज, दोन ओळखपत्रं, विभागप्रमुखांची सही. महाराष्ट्रात नावातली एक वेलांटी बदलायची तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, त्याच जातीचं हे प्रकरण. चूक टाइप करायला एक सेकंद लागतो आणि ती फुकट असते.

उत्साहाचाही त्रास असतो. सगळं एका दमात सरळ करायला निघालेल्या एका सहकाऱ्यानं एक स्क्रिप्ट लिहिली. जिथं पंजाबचं इंग्रजी स्पेलिंग 'ए' नं लिहिलं असेल तिथं 'यू' करायचं. सेक्टर १२ मधलं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज 'यू' नं लिहितात. पण शेजारीच, सेक्टर १४ मध्ये, पंजाब विद्यापीठ आहे आणि ते 'ए' नंच लिहितात. १८८२ मध्ये लाहोरात स्थापन झालेल्या विद्यापीठाचा इकडचा वारसा, फाळणीनंतर इकडं तिकडं करत १९५६ मध्ये चंडीगडला स्थिरावलेला. लाहोरचं विद्यापीठ आहे तिथंच आहे आणि ते 'यू' नं लिहितं. म्हणजे एका अक्षराच्या दुरुस्तीनं त्यानं विद्यापीठ पुन्हा सीमेपार धाडलं असतं. स्क्रिप्ट वेळीच थांबवली. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे: जे चुकीचं दिसतं ते आधी फोन करून विचारायचं.

आणि खरी मेहनत तिथंच सुरू होते. कोरे रकाने कोण ते यंत्र एका ओळीत सांगतं. टिंब घराण्याची यादी दुसऱ्या ओळीत. पण रमेशला खरंच आडनाव आहे का, हे सांगायला रमेशच लागतो. म्हणून मी फोन करते. "नमस्कार, तुमचं आडनाव काय?" पलीकडून उत्तर येतं, "क्यों, लोन दे रहे हो?" एका बाईंनी मला पोलिसात द्यायची धमकी दिली. एकानं माझंच नाव, गाव आणि अधिकाऱ्याचं नाव लिहून घेतलं. आणि एक माळीकाका म्हणाले, "बीबीजी, सरनेम तो नहीं है. आप ही कुछ अच्छा-सा लिख दो." असा मोह मला नोकरीत दुसरा झालेला नाही. मी त्यांचं गाव विचारलं आणि लिहिलं, 'कर' न लावता.

तेव्हा वाचकहो, कधी एखाद्या अनोळखी नंबरवरून फोन आला आणि कुणी बाई तुम्हाला तुमचं आडनाव खरंच टिंब आहे का, किंवा तुमच्या नावाच्या शेवटी एक स्पेस आहे ती काढू का, असं विचारू लागली, तर लगेच फोन आपटू नका. खरं काय ते सांगा. घराचा नंबर विचारला तर # शिवाय सांगा. ओटीपी मात्र देऊ नका. आम्हाला तो लागत नाही, आणि जी मागेल ती मी नव्हे.